किल्ली सरांच्या खिशात आहे

आदरणीय सर,



आपल्या सेवापूर्ती गौरव समितीचा निरोप मिळाला. 'गौरवग्रंथासाठी चार शब्द पाठवा, सोबत पासपोर्ट साइज फोटो, शब्दमर्यादा दोनशे.' तुमचं ऋण दोनशे शब्दांत मावेना, म्हणून पत्र लांबलं आणि समितीकडं न जाता भलतीकडंच छापायला गेलं. रागावू नका. तुमचं नाव लिहिलेलं नाही, कॉलेजचंही नाही. तेवढी गुरुदक्षिणा समजा. शिवाय तुमचं एकट्याचं नाव घातलं असतं, तर बाकीच्या तालुक्यांतले सर रुसले असते, आमचं का नाही म्हणून.

सुरुवात फ्लेक्सपासून करतो. मला पीएच.डी.ला प्रवेश मिळाला तेव्हा सांगोल्याच्या चौकात तो लागला. वर तुम्ही, कमरेपर्यंत, हात जोडलेले. खाली कोपऱ्यात मी, बारावीच्या हॉलतिकिटावरचा. मधे ठळक अक्षरांत, 'क्वांटम फोटोग्राफी या विषयात पीएच.डी.साठी निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन! प्रेरणास्थान व मार्गदर्शक...' आणि पुढं तुमचं नाव, सगळ्या पदव्यांसकट. फोटॉनिक्सची फोटोग्राफी फ्लेक्सवाल्यानं केली की मजकूर देणाऱ्यानं, हे शेवटपर्यंत कळलं नाही. पण त्या रविवारी जनावरांच्या बाजारात आमच्या अण्णांना तिघांनी गाठलं. एकानं लग्नाच्या आल्बमचा भाव विचारला, दुसऱ्यानं ड्रोनचा. तिसऱ्याला अण्णा म्हणाले, "आरं, फोटो न्हाय काढत त्यो. उजेडाचं कायतरी करतुया." तो म्हणाला, "मंग लाइटच्या हापिसात लागला म्हणा की. बरं झालं, आमचा डीपी जळालाय."

अण्णांचं बरोबरच होतं. मी उजेडाचंच करतो. उजेड पाटाच्या पाण्यासारखा सलग वाहतो असं वाटतं, पण तो दाण्यादाण्यानं येतो. त्या दाण्याला फोटॉन म्हणतात, हे तुम्ही आम्हाला फळ्यावर शिकवलंत, खडू न मोडता. आमच्या धंद्यात तो एकेक दाणा वेगळा काढायचा, पाठवायचा आणि दुसऱ्या टोकाला पकडून मोजायचा. आमच्या टेबलावर ४०५ नॅनोमीटरचा जांभळा लेझर एका स्फटिकात शिरतो. अब्जावधी दाण्यांत एखादा तिथं फुटतो आणि त्याचे ८१० नॅनोमीटरचे दोन होतात, जुळे. जुळ्यातला एक इकडं सापडला, की दुसरा तिकडं निघालाय हे न बघता कळतं. अंधाऱ्या खोलीत दोन डिटेक्टर लावून एकाच क्षणी दोन्हीकडं नोंद होते का, ते बघत आम्ही रात्री काढतो. बागेला रात्रीची लाइट असली की पाणी द्यायला जागतात तसंच, फक्त इथं बॅटरी लावायची सोय नाही.

एवढं सांगितल्यावर आता कपाटाकडं वळू.

भौतिकशास्त्र विभाग, दुसरा मजला, डार्करूमशेजारचं लोखंडी कपाट. वरून तिसरा कप्पा. त्यात थर्माकोलच्या खोबणीत झोपलेला हेलियम-निऑन लेझर, लाल, २ मिलिवॅट. अंगावर पांढऱ्या ऑइलपेंटनं डेड स्टॉक रजिस्टरचा नंबर घातलेला. तेवढासा लेझर लावला, तर सेकंदाला सहावर पंधरा शून्यं इतके फोटॉन बाहेर पडतात. दोन वर्षांत आमच्या वाट्याला त्यातला एकही आला नाही. त्या अर्थानं 'एकेक फोटॉन मोजणं' या विषयाची गोडी तुम्हीच लावलीत म्हणायची. शून्यापर्यंत मोजायला आम्ही तिथंच शिकलो.

कपाटाची किल्ली तुमच्या पँटच्या उजव्या खिशात. स्कूटरच्या किल्लीशेजारी, विठोबाच्या कीचेनला. लॅबच्या मामांना विचारलं की ठरलेलं उत्तर यायचं, "किल्ली सरांच्या खिशात हाय. सर मीटिंगला हायती. मीटिंग सोलापूरला हाय." तुम्ही सोलापूरहून आलात की प्रॅक्टिकलची वेळ संपलेली असायची. वेळ असली तर लाइट नसायची. लाइट असली तर तुम्ही म्हणायचात, "बाळांनो, आधी थिअरी पक्की करा. लेझर कुठं पळून जात नाही."

तो पळाला नाही हे खरं.

दोन वर्षांत मला त्याचं दर्शन एकदाच झालं, नॅकची कमिटी आली तेव्हा. तुम्ही स्वतः तो बाहेर काढलात, खिशातल्या रुमालानं पुसलात, टेबलावर ठेवलात आणि शेजारी पुठ्ठ्याची पाटी उभी केलीत, 'लेझर प्रयोगशाळा'. मला ॲप्रन घालून बाजूला उभं केलंत. पाहुण्यांनी विचारलं, चालू आहे का? तुम्ही म्हणालात, मुलं रोज वापरतात. मी मान हलवली. ते पाप माझंही आहे, सगळं तुमच्या खात्यावर टाकत नाही. पाहुणे लावून बघतो म्हणाले असते तर पंचाईत होती. त्याच्या पॉवर सप्लायला सुरक्षेसाठी आणखी एक किल्ली असते, आणि ती त्या दिवशी तुमच्याच घरी राहिली होती.

आता जर्नलबद्दल. मायकेलसनच्या इंटरफेरोमीटरनं लेझरची तरंगलांबी काढणे, प्रयोग क्रमांक सात. रीडिंगचा सेट आम्हाला आधीच्या बॅचनं दिला, त्यांना त्यांच्या आधीच्यांनी. मूळ पुरुष कोण, हे गोत्रासारखं हरवलेलं. सगळ्यांचं उत्तर ६३२.८ नॅनोमीटर, दशांशासकट. लेझर न लावता इतकी अचूक मोजणारी प्रयोगशाळा जगात दुसरी नसावी. मधे एका बॅचकडून उतरवताना पहिला आकडा चुकला आणि ५३२.८ झालं, तेव्हा दोन वर्षं आपला लाल लेझर कागदोपत्री हिरवा होता. त्याही जर्नलांवर 'सर्टिफाइड'चा शिक्का आणि खाली तुमची सही आहे. मला त्या प्रॅक्टिकलला पन्नासपैकी एकोणपन्नास पडले. एक गुण का गेला, याचं मामांकडं उत्तर आहे. एक्स्टर्नलच्या ताटात दुसऱ्यांदा रस्सा यायला उशीर झाला होता.

त्या एकोणपन्नास गुणांची किंमत मला २०२१च्या उन्हाळ्यात कळली. एका नामांकित संस्थेची पीएच.डी.ची मुलाखत होती, कोरोनामुळं ऑनलाइन. रेंज फक्त डाळिंबाच्या पॅकिंग शेडमधे यायची, म्हणून क्रेटवर क्रेट रचून त्यावर लॅपटॉप ठेवला. समोर तिघं. त्यातल्या मॅडमनी विचारलं, "मायकेलसनमधल्या फ्रिंजेस हरवल्या तर काय करता?" मी सूत्र सांगितलं. "सूत्र नको. हातानं काय करता?" मी सूत्र जरा मोठ्यानं सांगितलं. मग त्या अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "तुम्ही हा प्रयोग केलाय का?"

सर, तुमच्या वर्गात दोन वर्षं ऐकलेली सगळी व्याख्यानं मी त्या क्षणी आठवून पाहिली. मागं आमचं शेरडू ओरडलं. मुलाखतीत आमच्या बाजूनं आलेलं खरं उत्तर तेवढं एकच.

आज कुणी विचारलं तर सांगेन. दोन आरशांवरून परतलेले दोन लाल ठिपके पडद्यावर पडतात. आरशामागचा स्क्रू नखभर, मग केसभर फिरवत एक ठिपका दुसऱ्यावर बसवायचा. नीट बसला की ठिपक्याच्या पोटात रेघा थरथरायला लागतात. शेजारच्या खोलीत दार आपटलं तरी त्या पळतात. आरसा मिलिमीटरच्या तीन हजाराव्या भागाएवढा सरकला, की एक रेघ जाते आणि तिच्या जागी दुसरी येते. पहिल्यांदा बसवायला मला चार तास लागले, मान आखडली. दुसऱ्यांदा वीस मिनिटं. हे चार तास मला तुमच्याकडं घालवायचे होते, फुकटात. ते मी वयाच्या चोविसाव्या वर्षी, परगावी, माझ्याहून पाच वर्षांनी लहान पोरांच्या शेजारी बसून घालवले.

आता शिफारसपत्राचं. हे त्या मुलाखतीच्या आधीचं, डिसेंबर २०२० मधलं. परदेशातल्या एका विद्यापीठात क्वांटम फोटॉनिक्सची जागा निघाली होती. अर्जाला दोन शिक्षकांची पत्रं हवी होती. मी तुमच्याकडं आलो. तुम्ही उदारपणे म्हणालात, "तूच लिहून आण, मी सही ठोकतो. जरा चांगलं लिही." माणसानं आपल्या लग्नात आपणच मंगलाष्टकं म्हणावीत, तसं मी माझ्याबद्दल तृतीय पुरुषात लिहिलं. तुम्ही ते चष्मा लावून वाचलंत आणि चार ठिकाणी हातानं भर घातलीत. चारही ठिकाणी एकच, 'अंडर माय एबल गायडन्स'. सोबतच्या तक्त्यात विद्यार्थी पहिल्या एक टक्क्यात बसतो, पाचात, दहात की पन्नासात, असं विचारलं होतं. तुम्ही म्हणालात, "उगाच अति नको, पन्नासात टाक." वर्गात आम्ही दोघंच होतो सर. म्हणजे गणित बरोबर होतं.

मग लेटरहेड. ते प्राचार्यांच्या केबिनमधे. मग जावक क्रमांक. तो कारकुनाकडं, आणि कारकून रजेवर. मी म्हणालो, सर, पत्र लिंकवर अपलोड करायचंय, त्यांना जावक क्रमांक लागत नाही. तुम्ही खुर्चीत मागं सरकलात. "लिंक? लिंकवर क्लिक करायचं नसतं रे. खात्यातले पैसे जातात. बँकेचा मेसेज येतो रोज."

२८ डिसेंबरला सांगोला स्टेशनातून शंभरावी किसान रेल निघाली. पंतप्रधानांनी दिल्लीतून झेंडा दाखवला, आणि आपला माल दोन हजारांहून जास्त किलोमीटरवर, पश्चिम बंगालमधल्या शालिमारला रवाना झाला. ज्या तालुक्याला दुष्काळी म्हणून सगळे ओळखतात, तिथलं फळ बंगालात पोचलं. माझं पत्र तुमच्या टेबलावरून दीड फुटावरच्या कॉम्प्युटरपर्यंत पोचलं नाही. ३१ला मुदत संपली. ४ जानेवारीला तुमचा फोन आला, "जावक क्रमांक मिळाला रे, ये घेऊन जा." ते पत्र अजून माझ्याकडं आहे, सहीशिक्क्यासह. स्वतःबद्दल इतकं चांगलं मी पुन्हा कधी लिहिलं नाही.

बंगालवरून आठवलं. १९२४ साली ढाक्याच्या विद्यापीठात सत्येंद्रनाथ बोस नावाचे तिशीतले एक मास्तर होते. डॉक्टरेट नव्हती, ती पुढंही झाली नाही. उजेडाचे दाणे कसे मोजावेत यावर त्यांनी छोटा लेख लिहिला आणि ओळखदेख नसताना थेट आइन्स्टाइनला पाठवून दिला. आमच्या विषयाचं जन्मटिपण म्हणावं असा तो लेख. आइन्स्टाइननं काय करावं? तो स्वतः जर्मनमधे उतरवला आणि बोसांच्या नावानं छापून आणला. 'अंडर माय एबल गायडन्स' घालायला बिचारा विसरला. पुढं बोसांचा युरोपला जाण्यासाठीच्या रजेचा अर्ज अडकला होता, तो आइन्स्टाइनच्या हातच्या एका पोस्टकार्डानं सुटला. दोन वर्षांची अभ्यासरजा मिळाली. त्या पोस्टकार्डावर जावक क्रमांक नव्हता सर. विद्यापीठानं चालवून घेतलं.

तुम्ही म्हणाल, बोस कुठं आणि तू कुठं. मान्य. पण मग दर २८ फेब्रुवारीला रामन यांच्या फोटोला हार घालून 'तुमच्यातूनच उद्याचे रामन घडतील' हे कुणाला उद्देशून म्हणत होतात? रामन यांचा शोध १९२८चा, उजेडाचा, कलकत्त्यातल्या साध्यासुध्या उपकरणांवर लागलेला. तुमचं भाषण पंचेचाळीस मिनिटांचं असायचं. हाराशेजारच्या भिंतीपलीकडं कपाट.

एक सांगायचं राहिलं. किल्ली हा आमच्या विषयातला मोठा प्रश्न आहे. १९८४ साली बेनेट आणि ब्रासार या दोघांनी फोटॉनवर गुप्त किल्ली पाठवायची युक्ती काढली. क्वांटम की डिस्ट्रिब्युशन, मराठीत किल्लीवाटप. एकटा दाणा कुणाला जसाच्या तसा उतरवून घेता येत नाही, वाटेत कुणी डोकावलं की दाण्यावर त्याची खूण राहते आणि दोन्ही टोकांच्या माणसांना चोर आल्याचं कळतं. १९ एप्रिल २०२३ला केंद्र सरकारनं राष्ट्रीय क्वांटम मिशन मंजूर केलं, ६,००३.६५ कोटी रुपयांचं, २०३०-३१ पर्यंतचं. दोन हजार किलोमीटरवर अशी किल्ली पोचवणं हे त्यातलं एक उद्दिष्ट. चार केंद्रं नेमली. क्वांटम सेन्सिंगचं आपल्याकडं, आयआयटी मुंबईला आलं. पुण्याच्या आयसरमधेही क्वांटमचं केंद्र आहे. म्हणजे आता सांगोल्याच्या पोरानं फार लांब जायची गरज नाही. अडचण एवढीच, की दिल्लीहून निघालेली किल्ली दोन हजार किलोमीटर सुखरूप येईल आणि तुमच्या विभागापासून चार पावलांवर अडेल. तुमची सुरक्षा बेनेट-ब्रासारांच्या पुढची आहे. त्यांच्या पद्धतीत किल्ली फक्त चोराला मिळत नाही. तुमच्या पद्धतीत ती कुणालाच मिळत नाही.

डिसेंबर २०२३मधल्या विधिमंडळाच्या नागपूर अधिवेशनात, पीएच.डी. करून ही पोरं काय दिवे लावणार आहेत, असा सवाल झाला. माझ्या मोबाइलवर तो सतरा जणांनी पाठवला, अकरावा मेसेज तुमचा होता, हसऱ्या चेहऱ्यासकट. उत्तर तेव्हा दिलं नाही, आता देतो. आम्ही दिवे लावत नाही, मंद करत आणतो. १९०९ साली केंब्रिजच्या जी. आय. टेलर या तरुणानं गॅसच्या ज्योतीपुढं काजळी धरलेल्या काचा लावून उजेड इतका उतरवला, की एका सुईच्या सावलीचा फोटो उठायला जवळपास तीन महिने लागले. तरी सुईच्या कडेच्या रेघा जशाच्या तशा उठल्या. दाणे एकेकटे आले तरी त्यांच्या रेघा पडतात. आणि जुळे दाणे लांब गेले तरी एकमेकांशी बांधलेले कसे राहतात, याचं भांडण मिटवता मिटवता लोकांनी २०२२चं नोबेल घेतलं. अस्पे, क्लाउझर आणि झायलिंगर. त्या दिवशी तुमचं स्टेटस होतं, 'आमच्या विभागासाठी अभिमानाचा क्षण'.

टेलरच्या सुईनंच मला बाहेर काढलं. पहिली मुलाखत गेल्यावर मी रविवारच्या बाजारातून साठ रुपयांचा लेझर पॉइंटर आणला. आजीचा एक केस मागितला. तिनं आधी करणी-बिरणी नाही ना, याची खात्री करून घेतली आणि मग दिला. जुन्या आगपेटीला चौकोन कापून त्यात तो ताणून बसवला. रात्री पॅकिंग शेडमधे दिवे बंद करून केसावर पॉइंटर मारला आणि तीन मीटरवरच्या चुन्याच्या भिंतीवर लाल ठिपक्यांची माळ पडली, मधेमधे काळोखाचे खंड. दोन खंडांमधलं अंतर आईच्या शिवणाच्या टेपनं मोजलं, दोन सेंटिमीटर आठ मिलिमीटर. हिशेब केला. आजीचा केस ७० मायक्रॉन. मग म्हशीच्या शेपटीचा लावला, ठिपके दाटीनं आले, तो तिप्पट जाड निघाला. सर, एम.एस्सी. फर्स्ट क्लास झाल्यानंतर उजेडाबद्दल मी स्वतः काढलेला तो पहिला आकडा. अण्णा दारात उभे होते. म्हणाले, "केसाची जाडी कळून करायचं काय?" आणि मग थोड्या वेळानं, "माझा बी मोज."

२०२२च्या मुलाखतीत मी सूत्राऐवजी आजीचा केस सांगितला. तिघं आधी हसले, मग चाळीस मिनिटं त्याच केसाला लोंबकळले. पॉइंटरवर ६५० छापलंय म्हणजे ६५०च कशावरून? मी सांगितलं, भजनाच्या जुन्या सीडीवर मारून पाहिलं. सीडीच्या दोन रेघांमधे १.६ मायक्रॉन असतात, किरण चोवीस अंशांनी वळला, म्हणजे छापलेलं खरं. टेप ढिली होती का? भिंत लेझरला काटकोनात होती का? केस ओला होता का? तेलाचा होता, हे मला कबूल करावं लागलं. घेतलं मला. जेआरएफची शिष्यवृत्ती आधीच निघाली होती, महिना ३१,००० रुपये, जानेवारी २०२३ पासून ३७,०००. चार-चार महिन्यांनी एकदम येते, पण येते. आणि त्याच आठवड्यात तुमचा फ्लेक्स लागला.

तोवर सांगोल्याचं नाव दुसऱ्याच कारणानं, आपल्या तेव्हाच्या आमदारांच्या गाजलेल्या फोनमुळं, महाराष्ट्रभर झालेलं. अजूनही लॅबमधे कुणी नवीन आलं, गाव विचारलं, की पाठोपाठ झाडी, डोंगार आणि हाटील येतंच. मी हसतो. कपाटाचं सांगत नाही.

मागच्या दिवाळीत मामा भेटले. त्यांनी तुमची बाजू मांडली, तीही इथं लिहितो, नाहीतर एकतर्फी होईल. तुम्ही नवीन नोकरीला लागलात तेव्हा तुमच्या बॅचच्या पोरांनी स्पेक्ट्रोमीटर टेबलावरून पाडला. ऑडिट लागलं आणि पैसे तुमच्या पगारातून कापले गेले, हप्त्याहप्त्यानं, लग्नाच्या वर्षी. तेव्हापासून तुम्ही किल्ली खिशात ठेवायला लागलात. मला वाईट वाटलं. पाच मिनिटं. मग मोजलं, तेव्हापासून आजवर तुमच्या हाताखालून किती बॅच गेल्या असतील. स्पेक्ट्रोमीटरचे हप्ते तुमचे कधीच फिटले. आमचे अजून चालू आहेत.

सध्या दुसऱ्या वर्षाला एक मुलगी आहे. नाव सांगत नाही, तुम्ही तिला बोलवून घ्याल. वडिलांची शेळ्या-मेंढरं आहेत. तिनं मला मेसेज केला, "दादा, आपल्या डिपार्टमेंटला खरंच लेझर आहे का? जर्नलमधे तर आहे." मी तिला आहे म्हणून सांगितलं, कप्पा सांगितला, आगपेटीचा केसही शिकवला. तिनं पुढं विचारलेलं तुम्हाला कळावं म्हणून देतो, "मग तो कुणासाठी ठेवलाय?"

३१ मे रोजी तुम्ही चार्ज द्याल. टेबलं, स्टुलं, बीकर, फुटलेले बीकर, रामन यांचा फोटो, सगळ्यांची यादी होईल. किल्ली यादीत नसते, ती खिशातून घरी जाते आणि मग नव्या सरांना कपाटाचं कुलूप तोडायला तीन कोटेशनं मागवावी लागतात. एवढं एक करा सर. सत्काराची शाल खांद्यावर असतानाच, सगळ्यांसमोर ती किल्ली मामांच्या हातात द्या. ते कुणाला द्यायची ते बघतील. फ्लेक्सवर त्याचा फोटो मोठा छापा, खर्च माझ्याकडं लागला.

आपला आज्ञाधारक,
प्रयोग क्रमांक सात, ४९/५०

ता. क. हेलियम-निऑनची नळी न वापरता ठेवली तरी टिकत नाही. हेलियम फार बारीक असतं, जोडातून आणि काचेतून वर्षानुवर्षं हळूहळू निघून जातं. तेव्हा किल्ली देण्याआधी एकदा लावून बघा. लागली नाही, तर डेड स्टॉक रजिस्टरमधली नोंद एवढ्या वर्षांनी खरी झाली म्हणायची.